दर बारा मिनिटांनी

शनिवारी पहाटे साडेपाचला मी दिवे लावले.
खोली दोनशे चार. तीस बाकं,
बाकाबाकात दोन हातांचं अंतर,
मोजपट्टीने नाही, बावीस वर्षांच्या सवयीने.
हीटर एकदा गुरगुरला आणि गप्प झाला,
पोट भरलेल्या कुत्र्यासारखा.

केतुरा माझ्याबरोबरच आली,
क्लीव्हलंडच्या पूर्वेकडून, दोन बस बदलून.
माझ्या बहिणीची नात.
तिच्या शाळेत या परीक्षेचं केंद्र नाही.
तिच्या शाळेत ऑक्टोबरपासून गणिताला
बदलीच्या बाई आहेत, त्या आधी शिवण शिकवायच्या.
केतुराला आता काजं उत्तम जमतात.

फळ्यावर लिहिलं होतं: पेन्सिल दोन नंबरचीच हवी.
एवढ्या एक नंबरच्या कामाला
दोन नंबरचीच का लागते
हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

दार बंद झालं. मी बादली घेतली.

जिना वरून खाली पुसायचा असतो.
खालून सुरुवात केली
तर वरचं मळकं पाणी
पुसलेल्या पायऱ्यांवर उतरतं,
आणि साहेब म्हणतात, थेरॉन, खालच्या पायऱ्या नीट पुसत नाहीस.

(मे महिन्यात पेपरात एक चित्र आलं.
कुणाच्या घरी किती पैसा, कुणाची कातडी कुठली,
आणि कुणाला किती गुण.
खांबाशेजारी खांब, चढत गेलेले.
शिक्षकांच्या खोलीत सगळे त्याला आलेख म्हणत होते.
कचऱ्याची पिशवी बांधता बांधता मी नीट पाहिलं.
जिना होता तो.
आणि कुणीतरी खालून पुसत होतं.)

मधल्या सुट्टीत ती नळापाशी उभी होती.
लिंडक्विस्टांचा थॅचर आला. पोरगा वाईट नाही,
नववीत असताना माझ्या जिन्यात ओकला होता,
दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली.
खिशातला ओटचा बार मोडून
त्याने अर्धा तिला दिला आणि म्हणाला,
"तू उतारा आधी वाचलास? अख्खा?
उतारा आधी वाचायचाच नसतो. आधी प्रश्न.
माझे सर सांगतात."
सर तासाला दीडशे डॉलर घेतात.
त्याने तिला ते फुकट सांगितलं, मनापासून,
उताऱ्यांचा भाग संपल्यावर
सात मिनिटांनी.

केतुरा 'थँक यू' म्हणाली. बार खाल्ला.

दुपारी आम्ही थांब्यावर.
रस्त्याकडेला मार्चचा बर्फ, राखेच्या रंगाचा.
कसा गेला, मी विचारलं नाही.
तिनेच सांगितलं, हातमोज्यात हसत:
"मामा, एक गणित होतं.
एका थांब्यावर दर बारा मिनिटांनी बस येते,
तर तीन तासांत किती बस येतील?"
"मग?"
"पंधरा. पण मी आधी हसले.
मला वाटलं, कुठला हा थांबा? तिथे राहायला जाऊ या.
चाळीस सेकंद गेले असतील.
शेवटची तीन गोलं कोरी राहिली."

तिला उत्तर येत होतं, हे मी इथे लिहून ठेवतो,
कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.
यंत्र काळं केलेलं गोल वाचतं.
कोऱ्या गोलात काय होतं ते
त्याला विचारायची सोय नाही.

थॅचरच्या आईची गाडी आमच्या समोरून गेली.
त्याने काच खाली करून हात केला.
आम्ही दोघांनीही केला.

मग बराच वेळ कुणीच गेलं नाही.
केतुराने मोजा काढून घड्याळ पाहिलं,
ओठांत काहीतरी पुटपुटली,
बदलीच्या बाई टाके मोजतात तसं,
आणि म्हणाली,
"अठ्ठेचाळीस मिनिटं. चार बस झाल्या, मामा.
आपण चौथीत आहोत असं धर."